राबाचा काळा ठिपका

फाल्गुन सरत आला की माझ्या पडद्यावरचं कोकण तपकिरी होतं. दिघीच्या खाडीच्या तोंडापासून आत तळा गावच्या डोंगरांपर्यंत सगळी भातखाचरं वाळलेल्या भाकरीच्या रंगाची दिसतात. मधूनमधून खाडीच्या बोटांसारख्या फाट्यांवर तिवरांचा, म्हणजे खारफुटीचा, गडद हिरवा काठ, आणि कधी आगरदांड्याहून निघालेली फेरीबोट, तांदळाच्या कणीएवढी पांढरी. मी पनवेलच्या एका छोट्या अभ्यासगटात उपग्रहाची चित्रं वाचायचं काम करते. जमीन कशी होती, कशी झाली, माणसानं तिचं काय केलं, हे वरून पाहून सांगायचं. खिडकीबाहेर ट्रकांचा आवाज चालू असतो आणि मी पडद्यावर माझाच मुलूख उलगडत असते.

या कामातली एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खुपते. आमची जमीन खरी जिवंत असते ती आषाढ ते आश्विन. तेव्हा खाचरात घोटाभर पाणी असतं, बांधावर तेरडा असतो, भात पोटरीला आलेलं असतं. पण त्या चार महिन्यांत वर ढग. उपग्रह येतो, ढगांची पाठ बघून निघून जातो. आभाळ मोकळं होतं तेव्हा भात कापून झालेलं असतं, झोडून झालेलं असतं, आणि जमीन अंग टाकून पडलेली असते. दिवसभर राबलेली बाई दुपारी ओसरीवर जराशी आडवी व्हावी आणि नेमका तेव्हाच पाहुण्यानं येऊन तिला आळशी ठरवावं, तसा हा प्रकार आहे.

आणि याच दिवसांत आमच्याकडे राब भाजतात.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं जिथे करायची त्या छोट्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं. त्यावर कवळ, म्हणजे ऐन-किंजळाच्या तोडून वाळवलेल्या पानाळ फांद्या. त्यावर गळलेल्या पानांचा पातेरा, गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं, म्हणजे आग धावत नाही, मुंगीच्या चालीनं सरकते. माती भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख खताला होते. पाऊस पडला की त्याच काळ्या चौकोनातून पोपटी रोपं उठतात. त्या रंगाला दुसरं नाव नाही, आम्ही त्याला राबाचा रंगच म्हणतो.

माझ्या लहानपणीचा हा ऋतू म्हणजे परीक्षा संपता संपता सुभद्राआत्याच्या वाडीवर जाणं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तळ्याहून खाली खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर तिची वाडी. नवरा मुंबईत कारखान्यात होता, तिकडेच वारला. मुलगा तिकडेच राहिला. आत्या मात्र खाडीकाठच्या एका शेताला धरून इथेच. शेताची खालची बाजू खाडीच्या बांधाला टेकलेली, आणि राबाचा तुकडा वरच्या कोपऱ्यात, खाऱ्या पाण्यापासून लांब. पहाटे वाडीतून सगळीकडून धूर उठायचा. तो चुलीच्या धुरासारखा डोळ्यांत शिरत नाही. जड असतो, गोडसर असतो, खाचराच्या पातळीवर पसरून राहतो. कपड्यांना वास लागायचा आणि शाळा उघडेपर्यंत जायचा नाही.

आमच्या तळ्याच्या घरात दुसराच वास असायचा, शाईचा. बाबा पत्रकं काढायचे. खाडीच्या बांधाची दुरुस्ती, डोंगरावरची खाण, रस्त्यासाठी गेलेली झाडं, तिवरांत टाकलेला भराव, विषय कधी संपले नाहीत. घड्या घालायचं काम माझं. बाकीची मुलं अंकलिपीतलं कमळ वाचत होती तेव्हा मला ‘जाहीर’ आणि ‘निषेध’ हे दोन शब्द पाठ झाले होते. बाबांचा एक नियम होता: पत्रकाच्या खाली नाव पाहिजे. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचं वर, आणि ज्यानं लिहिलं त्याचं खाली. “खाली नाव नसलं तर ती अफवा,” असं ते म्हणत.

वाटून उरलेली पत्रकं ते आत्याकडे नेऊन द्यायचे. आत्या ती राब पेटवायला वापरायची.

“तुज्या बापाचं लिवणं वाया जात न्हाय गो,” ती मला म्हणायची. “मानसं पेटत न्हाईत, पन राब पेटतो.”

बाबा हसत. त्यांना ते लागत असणार, पण दरवर्षी गठ्ठा मात्र आणून देत.

गेल्या वर्षीचा फाल्गुन मला विसरता येत नाही. आमच्या पट्ट्याच्या पर्यावरणाची प्रत कशी आहे, याचा एक अहवाल तेव्हा आला. मसुदाच होता, हरकती मागवल्या होत्या. उपग्रहाच्या चित्रांवरून सगळा मुलूख लहान लहान चौकोनांत कापलेला. प्रत्येक चौकोनात चार गोष्टी मोजलेल्या: हिरवेपणा किती, ओलावा किती, उघडी कोरडी जमीन किती, आणि ऊन लागून ती तापते किती. चारांची गोळाबेरीज करून प्रत्येक चौकोनाला एक रंग. उत्तम ते गडद हिरवं, बरं ते फिकट, वाईट ते नारिंगी, अगदी वाईट ते लाल. या पद्धतीत खोट नाही. मी स्वतः ती वापरते. पण अहवालाच्या शेवटी एक परिच्छेद होता: जी जमीन आधीच खालावलेली, पडीक आहे, ती गोदामं आणि ट्रक उभे करण्याच्या तळासाठी आधी विचारात घ्यावी. म्हणजे लाल दिसेल ते जाईल.

आत्याचं शेत लाल होतं.

वाडीच्या शाळेत बैठक झाली. अहवाल करणाऱ्या सल्लागार मंडळींतला एक तरुण नकाशा समजावून सांगायला आला होता. उद्धट नव्हता बिचारा. घाम पुसत पुसत सांगत होता.

“हे काळे डाग दिसतात ना, हे जळालेलं क्षेत्र. जळालेलं म्हणजे हानी. मानवी हस्तक्षेप.”

पुढच्या बाकावर गणपतकाका बसले होते, आत्याचे शेजारी. त्यांनी मान वर केली. “काळं त्ये हानी?”

“हो, साधारण तसंच.”

“मंग माजं तोंड बी घ्या नकाशात.”

शाळा हसली. तो तरुणही हसला. मग हसणं ओसरलं. मागून कुणीतरी विचारलं, “म्हंजी राब भाजला न्हाय तर डाग दिसनार न्हाय?” तो म्हणाला, “दिसणार नाही, बरोबर.” आणि त्या एका उत्तरावर वाडीनं ठरवून टाकलं की यंदा राब भाजायचा नाही.

मी उठून सांगितलं की एवढ्यानं रंग बदलत नाही. लाल रंग राबामुळे आलेला नाही, तो आला आहे उन्हाळ्यात शेत मोकळं आणि तापलेलं असतं म्हणून. नका थांबवू. पण वरून कुणीतरी बघतंय आणि बघून जमीन घेणार आहे, हे ऐकल्यावर माणूस आधी अंगण झाडतो. पाहुणा येणार म्हणून चूल विझवून बसणाऱ्या घरासारखी वाडी त्या दिवसांत गप्प होती. पहाट व्हायची आणि धूर नसायचा. ते फाल्गुनासारखं वाटतच नव्हतं. माणूस मेल्यावर तीन दिवस घरात जसं असतं, तसं काहीतरी.

आत्याचा कवळ राबाच्या तुकड्याशेजारी रचून ठेवलेला होता. तिनं तो माघातच तोडून आणलेला. दरवर्षीप्रमाणे डोंगर चढून, दरवर्षीपेक्षा जास्त वेळा बसत. मी गेले तेव्हा ती त्या ढिगाकडे पाठ करून बसली होती.

“तुज्याच कामातला हाय ना गो तो वरचा डोळा?” तिनं विचारलं. “त्याला सांग की आमचं शेत पडीक न्हाय.”

“तो डोळा नाही आत्या. यंत्र आहे. त्याला सांगता येत नाही.”

“मंग कुनाला सांगायचं?”

मी पनवेलला परत जाऊन हरकत लिहायला जुनी चित्रं काढली.

मागच्या कितीतरी वर्षांचे फाल्गुन मी एकापाठोपाठ एक लावून पाहिले. डोंगराच्या पलीकडच्या कुशीत खाणीचा पांढरट खड्डा दरवर्षी थोडा मोठा होत गेलेला. रस्त्याच्या रुंदीकरणात डोंगराला पडलेली लाल चीर. किनाऱ्यावर दिवेआगरच्या वाड्यांचा पट्टा एका वर्षी एकदम विरळ झालेला, ते चक्रीवादळ. नारळी-पोफळी आडव्या झाल्या त्या दिवशी मी घरीच होते, आणि पडद्यावर तो फिका पट्टा पाहताना पुन्हा तोच आवाज कानात भरला. आमच्या वाडीच्या वर, मुंबईच्या कुणीतरी घेतलेल्या जागेवर फार्महाऊस आहे. त्याचं लॉन भर उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगतं. अहवालात ते गडद हिरवं. उत्तम. खाडीच्या पलीकडे बांध फुटून खारं पाणी शिरलेली शेतं आहेत. कुणी दुरुस्त केली नाहीत, तिथे तिवरं उगवली. तीही उत्तम. तिवरांशी माझं भांडण नाही. तिवरं वाचवा म्हणणाऱ्या पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले. पण ज्या शेतातून माणूस निघून गेला ते उत्तम, आणि ज्याच्यात तो अजून राबतो ते वाईट, असं जेव्हा नकाशा म्हणतो, तेव्हा त्याला विचारावंच लागतं की बाबा, तू मोजतोस काय?

मला सगळ्यात जास्त राग आला तो ‘मानवी’ या शब्दाचा. सुरुंग लावून डोंगर उडवणारा मानव. टँकर मागवणारा मानव. आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन एक कोपरा भाजणारी सुभद्राआत्या, तीही मानव. तिघांना एकाच शब्दात कोंबलं, तिघांचा हस्तक्षेप एकाच तराजूत टाकला, आणि शिक्षा द्यायची वेळ आली तेव्हा बरोबर तिचाच तुकडा निवडला. कारण तिचा तुकडा स्वस्त होता आणि लाल होता.

पण चित्रांनी आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला आवडली नाही. वाडीच्या वरचा डोंगर, आमचा कवळ जिथून येतो तो, वर्षागणिक विरळ होत गेला होता. तिथे खाण नव्हती, रस्ता नव्हता. तिथे फक्त आमचे कोयते होते.

मी तळ्याला बाबांकडे गेले. ते आता फारसे घराबाहेर पडत नाहीत, पण वर्तमानपत्राच्या कडेला अजून पेन्सिलीनं लिहीत असतात. मी त्यांना डोंगराची जुनी आणि नवी, दोन्ही चित्रं दाखवली आणि विचारलं, “डोंगराचं हरकतीत घालू का? घातलं तर ते आपल्याच विरुद्ध जाईल.”

त्यांनी चष्मा काढला. “अर्धं खरं छापलंस तर समोरचा उरलेलं अर्धं छापतो. आणि मग लोक त्याचंच वाचतात.”

“पण शेत आत्याचं आहे. माझं नाही.”

“मग तिला विचार. नाव तिचं जाणार आहे खाली.”

आत्याच्या अंगणात, फणसाखाली, मी लॅपटॉप उघडला. उन्हामुळे पडदा नीट दिसेना, म्हणून तिनं पदर पसरून सावली केली. मी तिला खाण दाखवली, लॉन दाखवलं, तिचं शेत दाखवलं, आणि मग डोंगर दाखवला.

“विरळ झालाय व्हय,” ती म्हणाली. “कोन न्हाय म्हनतंय? पयले आमी एक अंग तोडायचो, दुसरं अंग राखायचो. फुडल्या साली उलटं. आता दुसरं अंग प्लॉटवाल्यानं कुंपनात घातलं. मंग त्याच त्याच झाडांवर दरसाली कोयता. झाड तरी काय करंल?”

“हे लिहायचं का?”

“लिव. ऐनाची फांदी तोडली त फुटवा येतो, ह्ये बी लिव. आनि डोंगर फोडला त त्याला फुटवा येतो काय, त्ये त्या सायबाला इचार.”

मग तिनं पदर आवरला आणि कवळाच्या ढिगाकडे पाहिलं. मुंबईहून मुलगा सारखा फोन करत होता, दे सोडून, इकडे ये. मला ते माहीत होतं. तिलाही माहीत होतं की मला माहीत आहे. राब भाजला नाही तर आवणाच्या, म्हणजे रोपं उपटून लावायच्या वेळी तणातून रोपं निवडत बसावं लागणार. रोपं कमजोर, लावणी उशिरा, आणि एक साल शेत नीट पिकलं नाही की अहवालात लिहिलेलं ‘पडीक’ खरंच होणार. भाजला तर काळा ठिपका, शेत लाल आणि वर ठिपका काळा. दोन्हीकडून शेत जाण्याचीच वाट होती. तिला फक्त कोणत्या वाटेनं जायचं ते ठरवायचं होतं.

“कवा येतो तो वरनं?” तिनं विचारलं.

मी वेळापत्रक पाहून सांगितलं. अमुक दिवशी, सकाळी, उन्हं चढल्यावर.

“मंग त्याच दिवशी भाजते.”

“आत्या, त्या दिवशी तर दिसेलच.”

“दिसायलाच पायजे. मागच्या दारानं भाजायला आमी काय चोर हाव?”

त्या दिवशी मी आणि बाबा दोघेही गेलो. बाबा काठी टेकत आले, काखेत जुन्या पत्रकांचा गठ्ठा. कुठल्यातरी विरलेल्या आंदोलनाची होती, कागद पिवळे पडलेले. आत्यानं वरचा एक कागद उचलून डोळ्यांजवळ धरला.

“कसलं होतं रे ह्ये?”

“बांधाच्या दुरुस्तीचं,” बाबा म्हणाले.

“झाली न्हाय दुरुस्ती.”

“नाही झाली.”

तिनं कागद चुरगळला, पातेऱ्याखाली सारला. खाडीवरून वारा यायला लागला होता. ती डोंगराकडच्या कडेला जाऊन बसली, वाऱ्याकडे तोंड करून, आणि काडी ओढली. आग आधी दिसलीच नाही. फक्त मातीच्या थरातून एके ठिकाणी धूर निघाला, मग दुसऱ्या ठिकाणी. कवळ आतल्या आत तडतडत होता. वाडीतली माणसं आपापल्या दारात उभी राहून बघत होती. कुणी जवळ आलं नाही. एकटे गणपतकाका बांधावर आले, डोक्याची टोपी काढली आणि आभाळाकडे हलवली.

“आलो का गो फोटोत?”

“टोपी काडल्यावर कसा वळखील तुला?” आत्या म्हणाली.

वर नुसतं निळं होतं. उपग्रह दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, तो कधी गेला ते कुणालाच कळत नाही. तरी ती वेळ आली तेव्हा आम्ही सगळेच जरा सरळ उभे राहिलो. शाळेत राष्ट्रगीताला उभं राहतात तसं काहीतरी. आत्या मात्र वाकलेलीच होती. आगीची एक कड पुढे पळायला बघत होती, ती ओल्या डहाळीनं दाबत होती.

चित्र हाती आलं तेव्हा मी ते आधी मोठं केलं नाही. भीती वाटत होती. मग केलं. तपकिरी चौकोनांच्या गर्दीत, शेताच्या वरच्या कोपऱ्यात, एक काळपट ठिपका. एकच. अनोळखी माणसाला तो झाडाची सावली वाटला असता. त्याच्यापासून डोंगराच्या दिशेनं एक धुरकट रेघ, दिसली तर दिसली. आत्याच्या साऱ्या आयुष्याचा वरून दिसणारा ऐवज एवढाच होता.

हरकतीत मी सगळं घातलं. खाण, लॉन, फुटलेला बांध, विरळ डोंगर, आमचे कोयते. पावसाळ्यातलं शेत ढगाआडून वाचणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या उपग्रहाची चित्रंही घातली. ती धूसर, ठिपकेदार असतात, पण त्यांत आषाढात चढणारं पाणी आणि भाद्रपदातलं उभं भात दिसतं. आणि शेवटी तो काळा ठिपका. खाली लिहिलं, हा राब आहे, तो अमुक तारखेला भाजला, आणि त्याखाली आत्याचं पूर्ण नाव. तिनं अंगठा दिला नाही, सही केली. जोडाक्षरावर थोडी अडली.

तळ्याला सुनावणी झाली. अधिकाऱ्यानं तो कागद दोनदा पाहिला आणि विचारलं, “जाळलेलं तुम्ही स्वतःहून दाखवताय?”

“भाजलेलं,” आत्या म्हणाली. “व्हय. म्याच भाजलं.”

निकाल लागला नाही. अजून लागलेला नाही. मसुद्यात तिचं शेत आजही लालच आहे, आणि पुढच्या बैठकीची तारीख एकदा ठरली होती ती पुढे गेली. शेत जाईलही. मी या कामात आहे म्हणून मला इतरांपेक्षा जास्त माहीत आहे की नकाशावर एकदा बसलेला रंग सहसा उठत नाही. कुणाला खोटा दिलासा द्यायला मी हे लिहीत नाही.

पण त्या पावसाळ्यात एक गोष्ट झाली. वाडीतल्या बाकीच्यांनी न भाजता पेरलं होतं. आषाढात त्यांच्या वाफ्यांत रोपांपेक्षा तण वर आलं. आत्याचा तुकडा तेवढा दाट आणि पोपटी. तिनं आपल्याला लागतील तेवढी रोपं ठेवली आणि उरलेल्या मुठी बांधून दारोदार नेऊन दिल्या. गणपतकाकांनी विचारलं म्हणे, “ह्ये वरनं दिसलं का गो त्याला?” त्या दिवशी गच्च ढग होते.

आज सकाळी मी पनवेलच्या टेबलापाशी बसून यंदाच्या फाल्गुनातलं पहिलं स्वच्छ चित्र उघडत होते. तपकिरी खाचरं, तिवरांचा काठ, पांढरी फेरीबोट. वाडीत अजून एकही काळा ठिपका नव्हता. वाटलं, घाबरली माणसं, पुन्हा थांबले सगळे.

तेवढ्यात आत्याचा फोन. मागे बऱ्याच जणांची बडबड ऐकू येत होती, कुणीतरी काड्यापेटी मागत होतं.

“तुजा तो कवा येतोय गो?” तिनं विचारलं. “सांग बिगी. आमी सगळी राब रचून थांबलोय.”